फेरफाराची वाट आखूड झाली

मंडळी, जमीन घेतली, पैसे दिले, खरेदीखत झाले, म्हणजे काम संपले काय? नाही. सातबाऱ्यावर आपले नाव लागले पाहिजे. त्यासाठी जी नोंद होते तिला फेरफार म्हणतात.

पूर्वी ही वाट लांबची होती. खत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवायचे. त्याची नक्कल घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. तलाठी वहीत नोंद करी, नोटिसा काढी. मंडल अधिकारी नोंद मंजूर करीत. मग सातबारा हाताने दुरुस्त होई. तीच माहिती दोन कचेऱ्यांत पुन्हा लिहायची आणि कागद नेऊन पोचवायचा आपण! आम्हीही असे खेटे घातले आहेत. "भाऊसाहेब आज दुसऱ्या गावाला गेलेत," हे ऐकून कितीदा परत आलो! तोवर सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचेच. त्याच्या मनात कपट आले, तर तीच जमीन तो दुसऱ्याला विकी. मग बसा कोर्टाच्या पायऱ्या चढत.

आता महाराष्ट्रात हे काम संगणकावर चालते. पण वही गेली आणि यंत्र आले, एवढ्याने भागत नाही. जुन्याच वाटेवर यंत्र ठेवले तर खेपा त्याच राहतात. म्हणून वाटच आखूड केली. खत नोंदले की निबंधकाच्या कचेरीतून माहिती परस्पर तहसील कचेरीकडे जाते. आपण वेगळा अर्ज द्यायचा नाही. हरकतीची १५ दिवसांची मुदत मात्र ठेवली आहे, कारण कुणावर अन्याय होऊ नये. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात आणि सातबारा बदलतो. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळतो. त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही.

दोन गोष्टी ध्यानात धरा. वारसाची नोंद आपोआप होत नाही. घरचे माणूस गेले, तर अर्ज आपणच द्यायचा. दुसरे, संगणकात जे लिहिले तेच तो दाखवतो. हातचा सातबारा संगणकात उतरवताना कुठं नाव चुकलं, कुठं क्षेत्र चुकलं.

म्हणून आपला सातबारा काढा. गट नंबर, नाव, क्षेत्र, कर्जाचा बोजा, सारे स्वतः वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज द्या. आता आपल्याला वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहायचे?