पृथ्वी एवढ्या वेगाने धावतेय, मग आपल्याला जाणवत का नाही?

हे वाक्य वाचून पुढच्या वाक्यावर येईपर्यंत साधारण पाच सेकंद जातात. तेवढ्या वेळात पृथ्वी तुम्हाला घेऊन सूर्याभोवती जवळपास १५० किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे थेट मुंबई ते पुणे! तरी तुमच्या समोरच्या कपातला चहा हललेलासुद्धा नाही.

नेमकं हेच दाखवून काही रील्समध्ये विचारलं जातं, "पृथ्वी खरंच फिरत असेल, तर हवेत एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरखालून शहर निघून का जात नाही?" प्रश्न बिनचूक वाटतो ना? उत्तर पाहूया.

वेग नेमका किती?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे, तर मुंबईत साधारण १,५८०. शिवाय ती सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते.

मग शरीराला कळत कसं नाही?

कारण आपल्याला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, वळणावर बाजूला कलतो. पण विमान ताशी ८०० किलोमीटरने सरळ उडत असताना आपण निवांत झोपतो.

आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. डोकं वळलं की तो द्रव थोडा मागे राहतो आणि मेंदूला हालचाल कळते. पृथ्वीचा वेग मात्र झटका न देता अखंड तसाच चालू असतो.

पण पृथ्वी तर गोल फिरते, दिशा बदलतेच ना?

बरोबर, पण फारच हळू. घड्याळाचा तास काटा १२ तासांत एक फेरी मारतो, पृथ्वी साधारण २४ तासांत. म्हणजे ती तास काट्याच्याही निम्म्या गतीने वळते! या फिरण्यामुळे विषुववृत्तावर ६० किलोच्या माणसाचं वजन जेमतेम २०० ग्रॅमने कमी भरतं.

सूर्याभोवतीच्या फेरीचं काय? सूर्याची ओढ पृथ्वीवर आणि आपल्यावर जवळपास सारखाच परिणाम करते. दोघंही सोबतच वळतात, त्यामुळे धक्का बसत नाही.

आता हेलिकॉप्टरचं बघू

उडण्याआधी हेलिकॉप्टर जमिनीसोबत फिरतच होतं. उडाल्यावर तो वेग गळून पडत नाही. भोवतालची हवाही पृथ्वीसोबतच फिरते. म्हणून शहर खालून निघून जात नाही. धावत्या ट्रेनमध्ये वर उडवलेलं नाणं पुन्हा हातातच पडतं, तसंच हे.

गंमत म्हणजे ही शंका सुमारे १,५०० वर्षं जुनी आहे! आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास सांगितलं, की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर वराहमिहिराने आक्षेप घेतला, की मग आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतील? हेलिकॉप्टर नव्हतं, पक्षी होते, एवढाच फरक. याचं नेमकं उत्तर गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन दिलं. जहाज संथ चालत असेल, तर खोलीत टपकणारा पाण्याचा थेंब सरळच पडतो.

मग पृथ्वी फिरते याचा पुरावा काय?

१८५१ मध्ये लेऑं फुको यांनी पॅरिसमध्ये एक लांबलचक लंबक टांगला. त्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली, कारण खालची जमीन फिरत होती. असाच लंबक आज दिल्लीत नव्या संसद भवनात आहे. त्याच्या एका फेरीला सुमारे ५० तास लागतात.

थोडक्यात, 'जाणवत नाही' म्हणजे 'घडत नाही' असं नव्हे. तशी रील पुन्हा समोर आली, तर कमेंटमध्ये एवढंच विचारा: ट्रेनमध्ये उडवलेलं नाणं मागच्या डब्यात का पडत नाही?