जुन्या फोटोंत मागे देऊळ दिसतंय का?

मंडळी, औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांची पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने 1875-76 च्या हंगामात पाहणी केली. अहवाल 1878 मध्ये छापला. लेणी जांभ्या दगडातली. भिंतीजवळ जाऊन बघा: दगड भोकाभोकांचा, मूर्तींचे चेहरे विरघळल्यासारखे. तिथे जुनं चित्र म्हणजे सोनंच!

तिकडे आनी या मध्ययुगीन आर्मेनियन शहरातलं अकराव्या शतकातलं एक चर्च 1957 साली निम्मं कोसळलं. पूर्ण चर्च आता फक्त त्याआधीच्या फोटोंत दिसतं.

म्हणून विनंती. होट्टलचं सिद्धेश्वर किंवा निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर तुमच्या घरच्या अल्बममध्ये, लग्नाच्या, जत्रेच्या फोटोत मागे कुठे दिसत असेल, तर स्कॅन करून इथे टाका. अंधूक असला तरी चालेल. साल आणि फोटो कुठल्या बाजूने काढलाय, तेवढं नक्की लिहा.