साठेखतावर विकलेलं जंगल

वरळीची खाडी बांध घालून बुजवणारा मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आपल्याकडे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असतो. 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजी फौजेला वडगावला शरण आणलं, तेव्हा मुंबईचा कारभार त्याच्याच हाती होता. विलायतेत परतल्यावर त्याने पैसा गुंतवला तो न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या जंगलात. सर विल्यम पुल्टनी आणि पॅट्रिक कहून हे त्याचे भागीदार.

ही जमीन मुळात सेनेका या मूळनिवासी लोकांची. पण 1786 मध्ये दोन राज्यांनी ती आपापसांत कागदावर वाटून घेतली. सत्ता न्यूयॉर्ककडे आणि सेनेकांकडून जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क मॅसॅच्युसेट्सकडे. म्हणजे जमीन नव्हे, ती घेण्याचा हक्कच बाजारात आला. सुमारे 60 लाख एकरांवरचा तो हक्क 1788 मध्ये ऑलिव्हर फेल्प्स आणि नॅथॅनियल गोरहॅम यांनी 10 लाख डॉलरला घेतला. रक्कम द्यायची होती राज्याच्या कर्जरोख्यांत, आणि ते रोखे बाजारात दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली मिळत होते. सगळा डाव त्यावरच होता.

फेल्प्सने सेनेकांकडून 26 लाख एकर मिळवले. जेनेसी नदीच्या पश्चिमेला त्याने पीठगिरणीपुरती म्हणून जागा मागितली, आणि ती मोजून घेतली 12 मैल रुंद, 24 मैल लांब! पुढे केंद्र सरकारने राज्यांची कर्जं अंगावर घेतली, रोख्यांचे भाव चढले आणि दोघांचे हप्ते थकले. त्यांच्याकडची बरीचशी जमीन फिलाडेल्फियाचा धनाढ्य रॉबर्ट मॉरिस याने उचलली आणि त्यातली सुमारे 12 लाख एकर 1791 मध्ये लंडनमध्ये हॉर्नबी-पुल्टनी मंडळींना 75 हजार पौंडांना विकली. पुढे 1798 मध्ये हाच मॉरिस कर्जापायी तुरुंगात गेला.

परक्या नागरिकाला न्यूयॉर्कात तेव्हा जमीन धारण करता येत नसे. म्हणून चार्ल्स विल्यमसन हा स्कॉटिश मुखत्यार नेमला, तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि मालमत्ता त्याच्या नावावर चढली. त्याने रस्ते काढले, बाथ गाव वसवलं, तिथे घोड्यांच्या शर्यती भरवल्या, नाट्यगृह उभं केलं. गाव गजबजलेलं दिसलं की भाव चढतो, हे गणित जमीनविक्रीच्या धंद्यात आजही शिळं झालेलं नाही. पण जमा तुटपुंजी आणि खर्च 10 लाख डॉलरच्या वर, तेव्हा मालकांनी त्याला दूर केलं.

शेजारच्या 33 लाख एकरांची मालकी ॲमस्टरडॅमच्या सावकारांकडे होती. त्यांची हॉलंड लँड कंपनी. तिचा मुखत्यार जोसेफ एलिकॉट सावध माणूस. आधी सगळं भूमापन केलं, मग बटाव्हियाच्या कचेरीतून तुकडे विकले, एकराला साधारण दोन-अडीच डॉलर दराने. खरेदीखत लगेच मिळत नसे. थोडा बयाणा घेऊन साठेखत करायचं, बाकीची रक्कम व्याजासह हप्त्यांनी. ती फिटेपर्यंत जमीन कंपनीचीच.

आता हप्ता आणायचा कुठून? मेपल, बीचची दाट झाडी तोडल्याशिवाय पेरणी नाही, आणि पीक आलं तरी बाजार दूर. मग तोडलेली झाडं जाळायची, राखेतून पाणी झिरपवायचं, ते कढईत आटवून पोटॅश करायचं. साबण आणि काच यांच्या कारखान्यांना ते हवं असे, आणि वजनाच्या मानाने किंमत चांगली असल्याने दूर नेणं परवडे. कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा दिसे तो याच राखेतून.

पाइनचं जंगल असेल तिथे हिशोब उलटा. तिथे जमिनीपेक्षा झाडंच मोलाची. ओंडके आणि फळ्या बांधून तराफे करायचे आणि वसंतातल्या पुरावर ते ॲलेगेनी नदीतून पिट्सबर्गकडे सोडायचे. सस्क्वेहाना नदीच्या बाजूने गहू भरलेल्या सपाट लाकडी होड्या बाल्टिमोरच्या दिशेने जात. माल विकला की होडीही मोडून लाकडाच्या भावात विकायची, कारण प्रवाहाविरुद्ध ती परत आणणार कोण? बयाण्यापुरतं साठेखत करून पाइन तोडायचे आणि हप्त्याआधीच गाशा गुंडाळायचा, असेही लोक निघाले. लाखो एकर अरण्यात कोण कुठे कुऱ्हाड चालवतोय, हे मुखत्याराला कळणार कसं? माझ्या मते कंपनीचा मूळ घोटाळा इथेच होता. तिचं तारण होतं जंगल, आणि हप्ते यायचे तेही जंगल तोडूनच.

जे टिकून राहिले त्यांचं व्याज साचत गेलं. 1835 मध्ये कंपनीने चौताक्वा परगण्यातली जमीन स्थानिक धनिकांना विकली. मुदत टळलेली साठेखतं नवी करताना हे नवे मालक जादा पैसे उकळणार, अशी वदंता उठली. फेब्रुवारी 1836 मध्ये जमावाने मेव्हिलची कचेरी फोडली आणि दप्तराची होळी केली. मग तिथे मुखत्यार म्हणून विल्यम सीवर्ड आला. रशियाकडून अलास्का विकत घेणारा परराष्ट्रमंत्री तो हाच. कचेरी वेस्टफील्डला हलवून तो साठेखतांच्या जागी खरेदीखतं देऊ लागला आणि राहिलेल्या रकमेसाठी गहाणखतं लिहून घेऊ लागला.