मतांगीकार, ऐक्य आणि बंगळूर

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा मराठीत पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी सामाजिक इतिहासाच्या अंगाने झाली. त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, पुण्यातील समाजाने त्यांना कसे वागविले, शारदा सदनाभोवती वादळ कसे उठले, हे सर्व मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. ज्या चर्चमध्ये त्यांनी प्रवेश केला त्या चर्चलाच त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मात्र विचाराचा विषय म्हणून क्वचितच कोणी हाती घेतले. समान श्रद्धेला समान शब्द असलेच पाहिजेत काय, आणि ते शब्द कोणी ठरवावयाचे, हा त्या प्रश्नांचा गाभा होता. या गाभ्याचा पुढील प्रवास महाराष्ट्राबाहेर, विशेषतः दक्षिण भारतात झाला. त्यातील एक निर्णायक वळण बंगळूरला आले, आणि ते आणणारा विचारवंतही मराठीच होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने वडिलांच्या परंपरेतील संस्कृत विद्या आत्मसात केली होती. १८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. गोरे हे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री. मिशनऱ्यांना संस्कृतात उत्तर देण्यासाठी त्यांनी १८४४ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला, आणि अवघ्या चार वर्षांनी, १८४८ मध्ये, ते स्वतःच ख्रिस्ती झाले. 'षड्दर्शनदर्पण' लिहिणाऱ्या या तार्किकाचा पिंड असा होता की नव्या धर्मात आल्यावरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. गोरे यांनी चर्चच्या परंपरेचा आधार धरून त्या शंका सोसल्या. रमाबाईंनी तो आधार मानला नाही. गुरूने वाट दाखविली. परंतु तिच्या शेवटी असलेल्या दारातून जाताना मान किती लववावयाची, हे शिष्येने स्वतः ठरविले.

या वादाचे केंद्र होते अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार. (तो अथानासियसने लिहिलेला नाही, हे विद्वानांना आता मान्य आहे.) मतांगीकार म्हणजे उपासनेत सर्वांनी एकमुखाने म्हणावयाचे श्रद्धेचे सूत्र. प्रेषितांचा आणि नायसीयाचा हे दोन मतांगीकार तुलनेने आटोपशीर आहेत. अथानासियन मतांगीकार मात्र पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे एकत्व व भिन्नत्व तर्ककठोर पदावलीत मांडतो, आणि ही श्रद्धा जो संपूर्णपणे धरणार नाही त्याचा नाश अटळ आहे असे बजावतो. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात काही सणांच्या दिवशी तो म्हणण्याचा नियम होता. खुद्द इंग्लंडमध्येच १८७० च्या सुमारास त्यावरून मोठे रण माजले होते. म्हणजे रमाबाईंनी ज्यावर बोट ठेवले ते चर्चच्या अंगावरील जुनेच दुखणे होते.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मुंबईत प्रसिद्ध झाला. धर्मविचाराचा दस्तऐवज म्हणून तो मराठी अभ्यासकांनी वाचावयास हवा होता तितका वाचला नाही. या सिस्टरांना रमाबाई 'आजीबाई' म्हणून संबोधीत. वाद कितीही तापला तरी हे संबोधन सुटत नाही. येशू हा आपला तारणारा आहे, हे रमाबाईंना मान्य होते. परंतु त्रैक्याचा सिद्धांत ज्या पदावलीत मांडला गेला आहे ती पदावली शास्त्रात कोठे आहे, असे त्या विचारीत. भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जू मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टरांना यात अहंकार दिसला. त्यांना खलनायिका ठरविण्याचे कारण नाही. आज्ञापालन हाच ज्यांच्या व्रताचा प्राण त्यांना असा प्रश्न अवज्ञेसारखाच ऐकू येणार. परंतु शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने प्रमाण मागणे ही अवज्ञा नसते. पूर्वपक्ष समजून घेतल्यावाचून उत्तरपक्ष स्वीकारणे हीच त्या परंपरेत अप्रतिष्ठा होय. दोन शिस्तींचा हा संघर्ष होता, आणि महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना तो अधिक उमगला होता असे त्यांची पत्रे वाचताना जाणवते.

त्याच पत्रव्यवहारातील एक लहानसा मुद्दा भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असा आग्रह होता. रमाबाईंना तेथे संस्कृत हवे होते. लॅटिनमध्ये असे कोणते पावित्र्य आहे की जे संस्कृतात नाही, हा त्यांचा सवाल. ख्रिस्ताने ज्या भाषेत उपदेश केला ती यांपैकी कोणतीच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवालाची धार कळते.

मराठी शब्दाचीही येथे गंमत आहे. 'मतांगीकार' या सामासिक पदात 'मत' आहे, आणि मत म्हटले की मतांतर आलेच. ज्याचा अंगीकार करावयाचा ते मुळात मत आहे, या जाणिवेला हा शब्द जागा ठेवतो.

रमाबाई इंग्लंड सोडून १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याला संस्थात्मक उत्तर मिळण्यास साठ वर्षे लागली. दक्षिणेत प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९०८ मध्येच एकत्र आल्या होत्या. १९१९ च्या १ व २ मे रोजी तरंगंबाडी येथे तेहतीस मंडळी जमली. त्यांतील दोघे सोडून सारे भारतीय होते. दोर्णकलचे बिशप वेदनायकम् अझरिया हे त्यांच्यातील अग्रणी. युरोपच्या इतिहासात निर्माण झालेल्या फुटी आपण का वाहावयाच्या, हा त्यांचा प्रश्न होता. योगायोग असा की त्यानंतर आठवडाभरातच, ९ मे रोजी, मुंबईत नारायण वामन टिळक निवर्तले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती. तरंगंबाडीच्या मंडळींना चर्चमधील भिंती पाडावयाच्या होत्या. टिळकांना चर्चची बाहेरची भिंतही नको होती. दरबार त्यांच्याबरोबरच बहुतेक संपला. भावकवीची संस्था आणि समितीची संस्था यांच्या आयुर्मानात हा फरक राहतोच.

समितीला अठ्ठावीस वर्षे लागली. खरा अडसर होता बिशपपदाचा: ज्यांच्या डोक्यावर बिशपाने हात ठेवलेला नाही अशा पाळकांची दीक्षा पुरी मानावयाची की नाही? तोडगा असा निघाला की विद्यमान पाळकांना पुन्हा दीक्षा न देता आहेत तसे स्वीकारावे, आणि पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हाव्यात. १९४७ च्या २७ सप्टेंबरला मद्रासमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' अस्तित्वात आले. अझरिया तो दिवस पाहावयास उरले नव्हते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते ऐक्याच्या पायाभूत मसुद्यातील मतांगीकारांविषयीचे स्पष्टीकरण. प्रेषितांचा व नायसीयाचा मतांगीकार या चर्चने स्वीकारला. अथानासियन मतांगीकाराला त्या पायात स्थान नाही. शिवाय या सूत्रांतील प्रत्येक शब्दाला व वाक्यखंडाला व्यक्तीने संमती द्यावी अशी अपेक्षा नाही, अर्थ लावण्याचे वाजवी स्वातंत्र्य राहील, आणि ही सूत्रे म्हणजे श्रद्धेचा परिपूर्ण आविष्कार असा दावा नाही, असा त्याचा आशय आहे. वाँटेजला जो अहंकार ठरला होता तो मद्रासमध्ये घटनेत समाविष्ट झाला. रमाबाईंचे नाव त्या मसुद्याशी जोडण्यास आधार नाही. प्रश्नाची जात मात्र एकच आहे.

या ऐक्यावर सर्वांत तिखट टीका करणाऱ्यांत टी. एस. एलियट होता, ही गोष्ट साहित्याच्या वर्तुळात फारशी बोलली जात नाही. १९४३ मध्ये त्याने या योजनेविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. तिच्या शीर्षकातच हे ऐक्य विध्वंसातून साधले जात असल्याचा आरोप आहे. मतभेद मिटविण्याऐवजी संदिग्ध शब्दांच्या पांघरुणाखाली ते झाकले जात आहेत, हा त्याचा रोख. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संदिग्ध करार पुढे भांडणे जन्माला घालतात हा व्यवहारातील नेहमीचा अनुभव आहे. तथापि काव्यात अनेकार्थतेला एवढे महत्त्व देणाऱ्या कवीने उपासनेच्या शब्दांत मात्र एकच अर्थ मागावा, यात विसंगती आहे. मतांगीकार हे करारपत्र आहे की स्तोत्र आहे, यावर सारे अवलंबून आहे. एलियटने ते करारपत्र मानले.

बंगळूरमध्ये या ऐक्याची पूर्वतयारी आधीच चालू होती. मिलर्स रोडवरील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० मध्ये निघाले, म्हणजे ऐक्याच्या सदतीस वर्षे अगोदर. वेगवेगळ्या मिशनांचे विद्यार्थी तेथे एका बाकावर बसून शिकले. जी मंडळी पुढे एका चर्चमध्ये येणार होती त्यांनी आधी एकच ग्रंथालय वापरले, असे म्हणावयास हरकत नाही. शहरातील अँग्लिकन परंपरेचे सेंट मार्क्स, वेस्लियन मिशनचे हडसन स्मारक आणि लंडन मिशनचे राइस स्मारक ही तिन्ही मंदिरे आज त्याच एका चर्चची आहेत. १९५७ साली पी. डी. देवनंदन यांच्या संचालकत्वाखाली धर्म व समाज यांच्या अभ्यासाची एक ख्रिस्ती संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली. १९६२ मध्ये देवनंदन वारले आणि एम. एम. थॉमस यांनी ती धुरा घेतली. भारतीय ख्रिस्ती विचारवंतांचे स्वतंत्र परामर्श या संस्थेने काढविले. त्यांत गोरे यांच्यावरील बळवंत पराडकरांचा ग्रंथ १९६९ चा आणि टिळकांवरील पी. एस. जेकब यांचा १९७९ चा. दोन्ही इंग्रजीत आहेत. बंगळूरने टिळकांना विचारवंत म्हणून वाचले. मराठी समीक्षेने त्यांना 'फुलांमुलांचे कवी' या बिरुदाच्या पलीकडे फारसे जाऊ दिले नाही.

महाराष्ट्रातील चर्चांचे ऐक्य १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूर येथे झाले. 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त गोरे यांची अँग्लिकन परंपरा आणि टिळकांच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा एकत्र आल्या. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे अशा दोघांनाही त्यात जागा मिळाली.

येथवर हा प्रश्न सुटत चालला आहे असे वाटते. तो पुन्हा उघडला गेला १९८१ च्या एप्रिलमध्ये, बंगळूरच्या त्याच महाविद्यालयात. मराठी भाषक अध्यापक अरविंद निर्मळ यांनी तेथील व्याख्यानात शूद्रांच्या बाजूने ईश्वरविचार मांडण्याची गरज प्रतिपादिली. पुढे 'शूद्र' या पदाची जागा 'दलित' या पदाने घेतली. भारतीय ख्रिस्ती थिऑलॉजी म्हणून जे मिरविले गेले ते वेदान्ताच्या, भक्तीच्या, म्हणजे उच्चवर्णीयांच्या परिभाषेत घडले. चर्चमध्ये बहुसंख्य आहेत ते दलित, आणि त्यांचा अनुभव त्यात कोठेच नाही, हा त्यांचा मुद्दा. गोरे, टिळक, रमाबाई हे तिघेही ब्राह्मण घराण्यांतले, हे आठवले की या टीकेचे वजन मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको.

निर्मळ यांनी पुढे जे लिहिले त्यात त्यांनी अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायाचा आधार घेतला. आपला पूर्वज भटका अरामी होता, येथपासून गुलामी व मुक्तता यांची कथा सांगणारे ते निवेदन इस्राएलचा प्राचीन मतांगीकार म्हणून ओळखले जाते. त्यात ईश्वराच्या स्वरूपाची व्याख्या नाही; एका समूहाची कहाणी आहे. निर्मळ तिच्या साच्यात दलित पूर्वजाला उभा करतात: कमरेला फांदी, गळ्यात मडके, भटकण्याचेही स्वातंत्र्य नाही. पेशवाईतील पुण्याची ही स्मृती आंबेडकरांनी १९३६ मध्ये नोंदविली आहे. ती बंगळूरमार्गे जगभरच्या थिऑलॉजीत पोहोचली. 'दलित' हा शब्दही मराठी साहित्याच्या चळवळीतून त्या ग्रंथांत अनुवादित न होता, जसाच्या तसा गेला.

१९४७ च्या स्पष्टीकरणाने हा प्रश्न सुटत नाही. तेथे स्वातंत्र्य दिले होते ते शब्दाचा अर्थ लावण्याचे, आणि तेही व्यक्तीला. निर्मळ यांचा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा नसून बोलणारा कोण, याचा आहे. एकच मतांगीकार म्हणणाऱ्या लोकांची दफनभूमी जातीवार वेगळी असेल, आणि तामिळनाडूत ती अनेक ठिकाणी तशी राहिली आहे, तर त्यांनी एकमुखाने काय म्हटले? दलितांचा ईश्वरविचार दलितांनीच मांडावा, या त्यांच्या आग्रहाने नवी फूट पडेल असा आक्षेप घेतला गेला. तो घेताना हे विसरले जाते की फूट आधीच होती. निर्मळ यांनी तिला नाव दिले.

मात्र रमाबाईंना या टीकेच्या कक्षेत सरसकट घालता येत नाही. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो स्त्रियांसमवेत केडगावला राहू लागल्यावर त्यांचा मतांगीकाराचा वाद मागे पडला आणि बायबलाच्या भाषांतराचा उद्योग सुरू झाला. उपलब्ध मराठी भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. या बायकांना ते कळत नाही, आणि त्यातील तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून भलतेच अर्थ शिरतात, ही त्यांची तक्रार. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या बोलीच्या जवळचे मराठी शब्द शोधीत वर्षानुवर्षे बसल्या. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या पंडितेने उतारवयात संस्कृत शब्द एकेक करून वगळले. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रिया खिळे जुळवीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.