क्रियापदाचे सोबती

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात रोहिणखेड नावाचे गाव आहे. तेथील एखाद्या घरी पुढील प्रसंग घडला, अशी कल्पना करा. आजोबा क्षयरोगावर उपचार घेऊन शहरातील रुग्णालयातून नुकतेच घरी परतले आहेत. सोबत गोळ्या आहेत आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद आहे. घरात इंग्रजी वाचणारा एकच, तो म्हणजे सातवीतील नातू. कागदावर एक वाक्य आहे : ‘यू मस्ट नॉट गिव्ह अप द मेडिसिन.’ मुलाने शब्द ओळखले. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘मस्ट नॉट’ म्हणजे नये, ‘मेडिसिन’ म्हणजे औषध. ‘अप’ म्हणजे वर. परंतु तो शब्द तेथे कशासाठी आला आहे, हे त्याला कळेना. म्हणून तेवढा शब्द त्याने सोडून दिला आणि अर्थ सांगितला : ‘औषध देऊ नये.’

लिहिणाऱ्याच्या मनात होते ते याच्या नेमके उलट. क्षयरोगाचे औषध सामान्यतः किमान सहा महिने घ्यावे लागते. खोकला थांबला, अंगात ताकद आली, म्हणून ते मध्येच बंद केले, तर रोग पुन्हा डोके वर काढतो आणि पुढे त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘औषध सोडून देऊ नये’ असे ते वाक्य होते. मुलाने टाकून दिलेल्या त्या दोन अक्षरांच्या शब्दातच सगळा अर्थ साठवलेला होता.

इंग्रजी क्रियापदाला असे दोन प्रकारचे सोबती असतात. एक त्याच्या पुढे चालतो, दुसरा मागे. पुढे चालणारे म्हणजे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारखी सहायक क्रियापदे. क्रिया शक्य आहे, इष्ट आहे की अटळ आहे, हे ती सांगतात. मागे चालणारे म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आफ्टर’, ‘इंटू’ यांसारखे चिमुकले शब्द. ते मूळ क्रियेचा अर्थच पालटून टाकतात. ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे. मधले क्रियापद मात्र दोन्ही सोबत्यांच्या मध्ये अगदी मूळ रूपात उभे असते. काळाचा, पुरुषाचा वा वचनाचा कोणताही प्रत्यय त्याला लागत नाही.

मागचा सोबती नेहमी क्रियापदाला चिकटूनच असतो, असेही नाही. काम पुढे ढकलायला हवे, हे सांगताना इंग्रजीत ‘यू शुड पुट इट ऑफ’ असे म्हणतात. येथे ‘इट’ हे सर्वनाम मध्ये शिरते. परंतु ‘लुक आफ्टर हिम’ या वाक्यात ‘हिम’ला मध्ये शिरता येत नाही. कोठे शिरावे आणि कोठे शिरू नये, हे पुष्कळदा वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडते.

मराठीला हा प्रकार परका आहे काय? मुळीच नाही. ‘सोडून देणे’ या प्रयोगात कोणी कोणाला काय देतो? ‘खाऊन टाकणे’ यात काय टाकले जाते? ‘रडत बसला’ असे उभ्या मुलाविषयीही म्हणता येते. अशा प्रयोगांपैकी संयुक्त क्रियापद नेमके कशास म्हणावे, याविषयी आपल्या व्याकरणकारांत मतभेद झालेले आहेत. पण शब्दांचा मूळ अर्थ येथे मावळतो, हे कोणीही नाकारणार नाही.

सक्तीच्या आणि कर्तव्याच्या छटा तर मराठीत फारच बारकाईने सांगता येतात. ‘मी जावे’ यात सल्ला आहे. ‘मी गेले पाहिजे’ यात कर्तव्याची जाणीव आहे. ‘मला जावे लागते’ यात मात्र बाहेरची सक्ती आहे, आणि बोलणाऱ्याची नाखुशीही तीत बहुधा डोकावते. वऱ्हाडी बोलणारे मूल ‘मले जा लागते’ असे म्हणते, तेव्हा व्याकरण न शिकताच ते ही छटा अचूक पकडते. ‘पाहिजे’ या शब्दाचा इतिहासही रंजक आहे. ‘पाहणे’ या क्रियापदाचे ते जुने कर्मणी रूप होय. ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही जुन्या मराठीतील रूपे त्याच जातीची. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते हवे असते. या शब्दाला स्वतःचा भूतकाळ नाही. त्यासाठी ‘पाहिजे होते’ असे म्हणावे लागते. गंमत अशी, की इंग्रजीतील ‘मस्ट’चीही हीच अडचण आहे.

एका बाबतीत मात्र मराठी अधिक मोकळी आहे. ‘वाईट सवय सोडून देता आली पाहिजे’ या वाक्यात शक्यता आणि कर्तव्य अशी दोन सहायक क्रियापदे एकापाठोपाठ आली आहेत. प्रमाण इंग्रजीत ‘मस्ट’पुढे ‘कॅन’ चालत नाही. तेथे ‘मस्ट बी एबल टु गिव्ह अप’ असा वळसा घ्यावा लागतो. इंग्रजीत ‘मस्ट’ आघाडीला असतो, मराठीत ‘पाहिजे’ अगदी शेवटी येते. म्हणून भाषांतर करताना आधी दोन्ही सोबती शोधावेत आणि मगच मधल्या क्रियापदाचा अर्थ लावावा.

कायद्याच्या भाषेत तर याला पर्याय नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा. कायदे मराठीत आणताना ‘मे’साठी सामान्यतः ‘करता येईल’ असे लिहितात. ‘शॅल’साठी पुष्कळदा साधा भविष्यकाळ योजतात. 1976 साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्ये आली. त्यांतील पहिल्याच कर्तव्यात इंग्रजीत ‘अबाइड बाय’ हा प्रयोग आहे. ‘अबाइड’ म्हणजे राहणे किंवा सोसणे, ‘बाय’ म्हणजे जवळ. दोन्ही मिळून मात्र अर्थ होतो पालन करणे.

‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांतील भेदही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्यासाठी मराठीत ‘नये’, दुसऱ्यासाठी ‘गरज नाही’. ‘नये’ हे घरचेच, ‘न’ आणि ‘ये’ मिळून झालेले. ‘गरज’ मूळची अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. रोहिणखेड परिसराला अशी ये-जा नवी नाही. बहमनी आणि खानदेशच्या फौजांची लढाई येथे 1437 साली झाली होती. फौजा गेल्या, शब्द राहिले.

तर त्या कागदाकडे पुन्हा वळू. त्यावर आणखी एक ओळ आहे : ‘यू नीड नॉट गिव्ह अप मिल्क.’ दूध सोडण्याची गरज नाही. ती वाचताना ‘अप’ हा शब्द पुन्हा आडवा आला, आणि या वेळी मुलाने शब्दकोश काढला. मग तो ओसरीवर जाऊन आजोबांना म्हणाला, “आबा, मी चुकलो होतो. गोया बंद नोका करू. अन् दूध सोडाची गरज नाही.”