पती-पत्नींचे विवरणपत्र : एक की दोन ?

दरवर्षी नव्या गव्हाची आवक ओसरली, की आमच्या उदयनगरच्या पेढ्यांवर प्राप्तिकराची बोलणी निघतात आणि कोणी ना कोणी व्यापारी बंधू हटकून विचारतो, "घरच्या मंडळींचे विवरणपत्र आपल्याबरोबरच भरावे, की स्वतंत्र ?" प्रस्तुत लेखक कायदेपंडित नव्हे, मॅट्रिकनंतरचे त्याचे सारे शिक्षण धान्याच्या थप्प्यांत व रोजमेळाच्या पानांत झाले. तथापि या प्रश्नाचा फटका स्वतःलाच बसल्यामुळे त्याविषयी जे वाचले, विचारले व भोगले, ते सभासद बंधूंपुढे आणि विशेषेकरून भगिनींपुढे ठेवीत आहे.

सरळ उत्तर असे की, आपल्या देशात पती-पत्नींनी एकत्र विवरणपत्र भरण्याची सोयच नाही. अमेरिकेत १९४८ पासून दोघांचे उत्पन्न एकत्र करून ते निम्मे-निम्मे असल्याप्रमाणे आकारणी करण्याची सवलत आहे. आपल्याकडे १९५५ च्या अंदाजपत्रकात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितास २,००० रुपये व अविवाहितास १,००० रुपये करमुक्त ठेवले होते. पण ती दखल संसाराच्या भाराची होती, पत्नीच्या मिळकतीची नव्हे. २०२५ च्या अंदाजपत्रकापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेने एकत्र आकारणीचा पर्याय सुचविला होता. त्या अंदाजपत्रकात तो स्वीकारला गेला नाही.

मग हा प्रश्न पुनःपुन्हा का निघतो ? आकडाच मोहात पाडणारा आहे. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या श्रेणीप्रमाणे एकट्या व्यापाऱ्याचे उत्पन्न २४ लाख रुपये असल्यास उपकरासह ३,१२,००० रुपये कर बसतो. तेच उत्पन्न पती व पत्नी यांच्या नावे बारा-बारा लाख असे असते, तर दोघांनाही काही द्यावे लागत नाही. इतका फरक दिसल्यावर पत्नीचे नाव आठवणार नाही, असा व्यापारी विरळाच !

परंतु ही युक्ती जुनी आहे आणि तिच्यावरील तोडही जुनी. पती ज्या पेढीत भागीदार असेल, तिच्यातील पत्नीचा वाटा पतीच्याच उत्पन्नात मिळवावा, अशी तरतूद १९३७ साली कायद्यात आली. ती घटनाबाह्य असल्याचा दावा अकोल्याच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ मध्ये न्यायालयाने तरतूद उचलून धरली. पुढे १९९२ च्या वित्त कायद्याने भागीदारीपुरते हे बंधन काढून टाकले. दोन बंधने मात्र राहिली, व २०२५ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहेत. पतीने योग्य मोबदल्याविना पत्नीस दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीचेच धरले जाते. तसेच, ज्या व्यवसायात पतीचा भरीव हितसंबंध आहे, त्यातून पत्नीस मिळणारे वेतनही त्याच्याच खाती जाते. तिच्यापाशी तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असून ते वेतन केवळ त्या ज्ञानाचेच फळ असेल, तर गोष्ट निराळी.

काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराच्या सांगण्यावरून मी पेढीच्या नफ्यातील १५ लाख रुपये पत्नीच्या नावे मुदतठेवीत ठेवले. व्याज तिच्या विवरणपत्रात दाखविले. दोन वर्षांनी नोटीस आली, व्याज माझ्या उत्पन्नात मिळविले गेले आणि वर करावरील व्याजही भरावे लागले. एक बारकावा तेव्हा कळला, तो असा : मूळ ठेवीचे व्याज माझे, पण ते व्याज साठवून पुन्हा गुंतविल्यास त्यावरचे उत्पन्न मात्र तिचे. यासाठी दोन्ही रकमा वेगळ्या लिहाव्या लागतात. आमच्या वहीत त्या एकाच ओळीत होत्या.

मी म्हटले, ठेव नको, तुला पगार देतो. वडिलांच्या आजारपणापासून दहा वर्षे आमचा रोजमेळ ती लिहीत आली आहे. हमालांचा हिशेब व उधारीची पाने तिला माझ्यापेक्षा अधिक पाठ. पण पात्रता कोणती दाखविणार ? पदवीच हवी असे नाही, असे काही निवाड्यांत म्हटले आहे खरे. पण ते सिद्ध करण्यास वकील लागतो. हे सारे ऐकून ती एवढेच म्हणाली, "अहो, मग या पेढीत माझे म्हणून नेमके काय ?" मला उत्तर सुचले नाही.

गोव्यात हा प्रश्न तिला विचारावाच लागला नसता. तेथे पोर्तुगीजांच्या काळचा १८६७ चा दिवाणी कायदा आजही चालतो. विवाहापूर्वी निराळा करार नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक होते. म्हणून प्राप्तिकर कायद्याने तेथे वेतनाखेरीज अन्य उत्पन्न दोघांत समसमान वाटले आहे, व्यापाराचा नफासुद्धा. २४ लाखांच्या वरील उदाहरणातील व्यापारी त्या कायद्याखाली असता, तर निम्मे उत्पन्न त्याच्या पत्नीचे ठरले असते; कोणतीही युक्ती न करता. मात्र तेथे अर्धा हिस्सा खरोखरच तिचा आहे. आम्हांस कर निम्मा हवा असतो. मालकी निम्मी द्यावयाची म्हटले, की आवाज खाली येतो. माझाही आला होता.

आमच्या भागात जे तिचे आहे, ते माहेरचे. वडिलांनी दिलेले दागिने, त्यांनी दिलेली रक्कम, तिचा स्वतःचा वारसा, यांचे उत्पन्न निःसंशय तिचे. पण पुरावा हवा. सासऱ्यांनी दिलेल्या सोन्याची यादी आमच्याकडे नव्हती. सराफाच्या दोन जुन्या पावत्या तिच्या पेटीच्या तळाशी मिळाल्या, तेवढ्याच. पत्नीच्या पैशावर पेढीत व्यवहार करावयाचा असल्यास बँकेमार्फत घ्यावा, व्याज ठरवावे व ते खरोखर तिच्या खात्यावर टाकावे.

गेल्या दिवाळीच्या वहीपूजनास तिच्या खात्याची वेगळी वही घातली. त्या सोन्यातून आलेले पैसे पेढीने व्याजाने घेतले आहेत. वही तीच लिहिते, आणि व्याज टाकण्यास दोन दिवस उशीर झाला, तर गादीवर येऊन विचारते.