उंच टाचेची सँडल : आधी पाय पाहा, मग टाच

लग्नसराई आली की कापडाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते. शराऱ्याचे किंवा घागऱ्याचे कापड पसंत पडते, लांबी ठरवायची वेळ येते आणि मुलगी सांगते, "खाली तीन इंची हील असणार आहे, त्या हिशेबाने धरा." कापड त्या हिशेबाने कापले जाते. पण त्या तीन इंचांवर पाच-सहा तास उभ्या राहणाऱ्या पायाचा हिशेब कोणी करीत नाही. मग जेवणाच्या वेळेपर्यंत सँडल खुर्चीखाली आणि पाय अनवाणी, हे दृश्य प्रत्येक हॉलमध्ये दिसते.

मी कापडवाला. परंतु कापड आणि पादत्राणे हे शेजारचे धंदे आहेत. आमच्याकडची मखमल आणि जरीचे कापड सँडलच्या पट्ट्यांवर चढते आणि एकच गिऱ्हाईक दोन्ही दुकानांत जाते. म्हणून विकणाऱ्या आणि बनवणाऱ्या बांधवांसाठी हे चार शब्द.

घोड्यावरची टाच

उंच टाच मुळात चालण्यासाठी निघालेलीच नाही. इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे घालीत, कारण टाचेमुळे पाय रिकिबीत पक्का अडकतो आणि स्वाराला उभे राहून तीर मारता येतो. इ. स. १६०० च्या सुमारास ही टाच युरोपात पोहोचली आणि तेथेही आधी पुरुषांनीच ती उचलली. फ्रान्सचा बादशाह चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालीत असे. आजची बारीक पेन्सिल हील तर १९५० नंतरच्या दशकातली आहे. टाचेच्या आत पोलादी सळई बसवता येऊ लागली, तेव्हा कुठे ती शक्य झाली.

तात्पर्य एवढेच की, घोड्यावर बसण्यासाठी निघालेली वस्तू पायी चालण्यासाठी द्यायची असेल, तर बनवणाऱ्याला जादा हुनर लावावे लागते.

वजन कुठे जाते?

सपाट चपलेत शरीराचे वजन टाच आणि पंजा यांत वाटले जाते. टाच उचलली की वजन पुढे सरकते आणि उंची वाढेल तसा पंजावरचा भार वाढत जातो. पाय उतारावरून घसरल्यासारखा पुढे जातो आणि बोटे टोकात कोंबली जातात. असे रोज होत राहिले तर अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येते, बोटांवर घट्टे पडतात आणि पोटरीची शीर आखडते.

म्हणून नुसती उंची विचारू नये, उतार पाहावा. टाच चार इंचांची आणि पुढचा तळ एक इंच जाड असेल, तर पायाला उतार तीन इंचांचाच लागतो. तसेच तीच तीन इंची टाच २५ सेंटिमीटरच्या पायाला जेवढी तिरकी पडते, त्याहून २२ सेंटिमीटरच्या पायाला जास्त तिरकी पडते. लहान पायाच्या मुलीला कमी टाच दाखवावी, हा साधा नियम आहे.

नंबर म्हणजे फक्त लांबी

डब्यावर लिहिलेला नंबर पायाची लांबी सांगतो. इंग्रजी पद्धतीत एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंचाचा असतो, युरोपच्या पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटरचा. म्हणून दोन्हींचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत. रुंदीबद्दल तर हा नंबर काहीच सांगत नाही.

आणि खरी अडचण रुंदीचीच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. आपल्या लोकांचे पाय युरोप-अमेरिकेच्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, असे त्यातून दिसले. त्याच आधारावर भारतीय पायांसाठी "भा" नावाची मापपद्धती सुचवण्यात आली.

परदेशी मापाच्या अरुंद फर्म्यावर ओढलेली सँडल बाजूला दाबते, मग बाई एक नंबर मोठा घेते. आता रुंदी जमली, पण लांबी जास्त झाली. सपाट चपलेत हे खपून जाते. हीलमध्ये मात्र पाय पुढे सरकतो, मागे टाच निघते आणि सँडल जिथे वाकायला हवी तिथे वाकत नाही. दोष टाचेला दिला जातो, पण तो फर्म्याचा असतो.

काउंटरवरच्या पाच परीक्षा

१) सँडल सपाट काचेवर ठेवून बोटाने हलवावी. डुगडुगली तर बाजूला ठेवावी.

२) दोन्ही टोके धरून वाकवावी. पंजाच्या जागी वाकली पाहिजे, मधली कमान ताठ राहिली पाहिजे. मधली पोलादी पट्टी कच्ची असेल तर कमान बसते.

३) मागून पाहावे. टाच सरळ उभी असावी आणि पायाच्या टाचेच्या मध्याखाली असावी, अगदी मागच्या कडेला नको.

४) घोट्याला पट्टा किंवा मागे पक्की पाठ असावी. नुसत्या पुढच्या पट्टीवर पाय धरून ठेवायला बोटे सतत आवळावी लागतात.

५) गिऱ्हाइकाला गालिच्यावर नव्हे, कडक फरशीवर चालायला सांगावे, तेही दोन्ही पायांत घालून. बोटे हलली पाहिजेत.

रोजच्या वापराला दोन इंचांच्या आतली रुंद टाच बरी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना हील विकूच नये.

कापडाचे एक गुपित

कातडे वापराने थोडे ताणते आणि पायाला बसते. विणलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ताणत नाही, उरेबात थोडे देते. रेक्झिन तर फारसे देतच नाही. म्हणून जरीची किंवा रेक्झिनची सँडल "घालून घालून सैल होईल" असे सांगून विकणे म्हणजे मालाचा ऐब लपवणे आहे. जी दुकानात घट्ट, ती हॉलमध्येही घट्टच राहणार.

कागदावरचा पाय

कुर्ल्याची ठक्कर बाप्पा कॉलनी असो की आग्र्याची हिंग की मंडी, हाताने काम करणाऱ्या कारागिराला कारखान्याच्या भावाशी टक्कर देणे जड जाते. पण माप घेणे हे त्याचे हत्यार आहे. पुरुष दुकानदाराने बाईच्या पायाचे माप घेणे आपल्याकडे दोघांनाही अवघड वाटते. त्यावर सोपी तोड आहे. बाईने घरी, संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे आणि दुसरीने पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची रेघ काढावी. तो कागद दुकानात पाठवावा. सँडल त्या रेघेवर ठेवली की कोणता माल चालेल हे बरेचसे तिथेच कळते.

कारागीर बांधवांनी एका नंबरचे निदान दोन रुंदीचे फर्मे ठेवावेत. दुकानदारांनी माल मागवताना नंबराबरोबर रुंदीही विचारावी. फर्म्याचा खर्च एकदाच होतो. ज्या घरची मुलगी आपल्या लग्नात शेवटपर्यंत सँडल घालून उभी राहिली, त्या घरच्या बायका पुढच्या लग्नाला दुसरे दुकान शोधत नाहीत.